वेस्टर्न स्टाइलची जुनी अक्षरं: बरेच महिने कामात वापरल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. वेस्टर्न सिनेमातल्या सलूनच्या (म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या) पाटीवर नाहीतर ‘वॉन्टेड’ पोस्टरवर असतात तशी जाड पायांची (दांड्यांच्या टोकांना आडव्या पट्ट्या असलेली) अक्षरं मस्तच आहेत, पैसे आणि वेळ घालवण्यालायक आहेत, पण त्यांची खरी ताकद नक्षीत नाही आणि त्या खरवडल्यासारख्या धूळकट टेक्श्चरमध्ये तर अजिबात नाही. ती आहे रुंदीत.

गेले बरेच महिने लेबलं, इव्हेंटची पोस्टरं, टी-शर्ट, काही लोगो अशा कामांत हाच प्रकार चाललाय माझा. फॉन्ट म्हणाल तर फुकटातला राय, अ‍ॅडोबीचे रोजवूड, पॉन्डरोसा आणि मेस्किट, जुना प्लेबिल, शिवाय थोडे विकतचे.

रुंदीचं म्हणणं कळायला ही अक्षरं आली कुठून ते बघावं लागतं. छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे ओतीव अक्षरं, मोठे असले की जड, महाग, आणि थंड होताना वरचा भाग सपाट राहीलच याची खात्री नाही. म्हणून १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं राऊटरनं (फिरत्या पात्याच्या कोरणी यंत्रानं) लाकडाची अक्षरं भराभर कापायची सोय केली, पुढच्याच वर्षी कॅटलॉग काढला, आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्याला पँटोग्राफ (नमुना गिरवून लहान-मोठी नक्कल काढणारा सांगाडा) जोडला. आता एका नमुन्यावरून हव्या त्या साइजची अक्षरं निघायला लागली, आणि मग काय, अक्षराचा तोच चेहरा अरुंद, आणखी अरुंद, रुंद, पसरट असा सगळ्या अंगानं विकायला आला. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला तेच हवं होतं कारण त्याला प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरायची असायची. शब्द छोटा असेल तर रुंद अक्षर, शब्द लांबलचक असेल तर अरुंद अक्षर, आणि ‘अँड’, ‘द’ असले किरकोळ शब्द तर नक्षीसकट अख्खेच एका ठोकळ्यावर कापलेले मिळायचे. त्या पोस्टरवर पाच-सहा प्रकारचे फॉन्ट दिसतात ना, ती नुसती हौस नाही, त्यात हिशोब आहे.

म्हणून माझा पहिला नियम असा झालाय की अक्षर ओढायचं नाही. कोपरा धरून आडवं ताणलं की उभे दांडे फुगतात, आडवे पाय तसेच राहतात आणि जाड-बारीकचं जे नातं जपून ठेवलेलं असतं ते गेलंच. फॉन्ट एकाच रुंदीचा असेल तर त्यात एकच शब्द लावा, बाकीच्या ओळींना त्याच स्वभावाचा दुसरा शोधा. लांब शब्दाला प्लेबिल छान बसतो. तो रॉबर्ट हार्लिंगनं स्टीफनसन ब्लेक या अक्षरं ओतणाऱ्या कंपनीसाठी केला, १९३८ मध्ये, इंग्लंडात, म्हणजे काउबॉयचा काळ संपून जमाना झाल्यावर! बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आलेला असतो आणि त्याला कुणी विचारत नाही, ही एक गंमतच.

तसंही ‘वेस्टर्न’ म्हणतो त्यातलं बरंचसं मूळचं लंडनचं आहे. जाड चौकोनी पायांचा, तिथल्या फिगिन्स या अक्षर ओतणाऱ्याचा नमुना १८१५ च्या सुमाराचा. पाय दांड्यापेक्षा जाड करायची उलटी चाल कॅस्लन फाउंड्रीनं (अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यानं) १८२१ च्या सुमाराला केली. त्या काळात हीच अक्षरं नाटक, सर्कस, लिलाव, रेल्वे सगळ्यावर होती. हे क्लायंटला सांगायला उपयोगी पडतं, कारण त्याला टोपी, घोडा, नालच घालायचा असतो कडेनं. मी स्वतः यांच्यासोबत एकही घोडा लावत नाही. अक्षरानं एवढ्या मोठ्यानं सांगितल्यावर चित्रानं परत तेच सांगायची काय गरज?

आता रोजवूड. हा १९९४ चा, पण नमुना लाकडी अक्षरं बनवणाऱ्या विल्यम पेजच्या १८७४ च्या रंगीत लाकडी अक्षरांच्या पुस्तकातला. एकावर एक दोन रंग छापायचे अशी मूळ कल्पना, म्हणून याच्यासोबत फिल नावाचा भरीव जोडीदार येतो. टेक्स्ट कॉपी करायचं, बरोब्बर त्याच जागी पेस्ट करायचं, खालच्याला फिल लावायचा, रंग बदलायचा, झालं. दिसतं जबरदस्त. पण कर्निंग (अक्षरा-अक्षरांमधलं अंतर) आधी पक्कं करा आणि मगच कॉपी करा, नाहीतर वरच्या थरात एक अक्षर सरकवलं की खालच्यातलं शोधत बसावं लागतं. प्रत्यक्ष छपाईत दोन रंग केसभर तरी सरकतातच, त्यामुळे वरचा गडद रंग ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावर सरळ चढवून छापलेला) ठेवला की मधे पांढरी फट दिसत नाही. ७२ पॉइंटच्या खाली मी हा वापरतच नाही, आतली नक्षी शाईनं बुजते आणि मग नुसता डाग उरतो. भरतकामाला तर नावच काढू नका.

टेक्श्चरवाल्या फॉन्टवर माझा राग आहे हे एव्हाना कळलं असेल. एका विकतच्या फॉन्टमध्ये (नाव नको) प्रत्येक ‘ई’वर तोच ओरखडा त्याच जागी होता, एका शब्दात तीन ‘ई’ आले की सगळं नाटक उघडं. शिवाय त्या खडबडीत कडांमध्ये आकार ठरवणारे इतके पॉइंट असतात की फाइल रांगायला लागते, आणि व्हिनाइल (चिकट प्लास्टिक) कटिंगला दिलं तर कापणारा माणूस ते बारीक कण सोलता सोलता तुम्हाला शिव्या घालणार. स्वच्छ फॉन्ट घ्या, खडबडीतपणा हवाच असेल तर शेवटी वरून मास्क (काही भाग झाकणारा थर) लावा, वेगळा काढता येतो.

कर्निंगला वेळ ठेवा. पाय एकमेकांना अडतात, ‘एल’ आणि ‘ए’ शेजारी आले की मधे खिंडार पडतं. जुने लोक लाकडी अक्षराचा कोपरा करवतीनं कापून दुसरं आत सरकवायचे, आपल्याला नुसती बाणाची बटणं दाबायचीत, तेवढं करायला हरकत नाही.

देवनागरीचं काय? मी वापरले त्यातल्या एकातही देवनागरी नाही, त्यामुळे मराठी मथळा हातानंच काढावा लागतो. पण इथे मजा आहे. त्या उलट्या चालीत वजन वर आणि खाली असतं, आणि आपल्याकडे शिरोरेषा आयतीच वर बसलीय. ती जाड केली, उभे काने बारीक ठेवले, कान्याच्या तळाशी एक जाड पाय दिला की तोच रुबाब येतो, इंग्रजीची नक्कल न करता. भानगड होते ती मात्रा आणि रफारांची, शिरोरेषा जाड झाली की वरची जागा कमी पडते, म्हणून ओळींमधलं अंतर आधीच वाढवून घ्या. जोडाक्षरं खूप असलेला शब्द असेल तर मी हा नाद सोडते, साधं जाड अक्षर घेते.

लायसन्सचं थोडक्यात: राय ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे, धंद्याच्या कामाला चालतो, फक्त फॉन्टची फाइल नुसती विकायची नाही. विकतच्यांत डेस्कटॉपचं लायसन्स घेतलं म्हणजे वेबसाइटवर टाकायची परवानगी मिळालीच असं समजू नका, क्लायंटला कोटेशन द्यायच्या आधी वाचा. आणि कुणाकडून जुन्या सीडीवरचा लाकडी अक्षरांचा संग्रह मिळाला तर फाइल कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा, टाइप १ (जुना फॉन्ट-प्रकार) असतील तर अ‍ॅडोबीनं जानेवारी २०२३ पासून त्यांचा सपोर्ट बंद केलाय, नव्या इलस्ट्रेटरच्या यादीत त्या दिसणारच नाहीत, ओपनटाइपवालीच आवृत्ती मागा.