पीएस ५ आणि अकोल्याचा मे महिना: वापरानंतरचा अनुभव

पीएस ५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल. त्याची स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ती सगळ्यांना पाठ आहेत. माझ्याकडचं पहिलं जाडं मॉडेल, डिस्कवालं, २०२३ च्या दिवाळी सेलमध्ये घेतलेलं. ग्राफिक्स, कंट्रोलर, लोडिंगचा वेग, सगळं झकास. त्यावर इथे एक ओळही सापडणार नाही. हा रिव्ह्यू फक्त गरमीचा आहे.

मॅन्युअलमध्ये लिहिलंय की वापराचं तापमान ५ ते ३५ अंश. पुण्या-मुंबईत एसी लावून रिव्ह्यू करणाऱ्यांना ही ओळ दिसत नाही. आम्ही अकोल्यात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात रात्री जेवणं झाल्यावरसुद्धा आमच्या हॉलमध्ये पारा ३५ च्या खाली यायला तयार नसतो. म्हणजे कागदोपत्री बघायचं तर उन्हाळाभर हे मशीन चालूच करायचं नाही.

मे २०२४ चा शेवटचा आठवडा इकडच्यांना आठवत असेल. पारा ४५ च्या वर, जिल्ह्यात कलम १४४ लागलं, दुपारचे कोचिंग क्लास बंद. क्लास बंद म्हणजे चिरंजीव घरात, आणि चिरंजीव घरात म्हणजे कन्सोल चालू. भर दुपारी स्क्रीनवर संदेश आला: कन्सोल फार गरम झालाय, बंद करा आणि थंड होऊ द्या. मशीनने वेळेत सांगितलं हे चांगलंच केलं. पण पन्नास हजारांच्या वस्तूने असं म्हटलं की पोटात गोळा येतो.

शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. नाव लिहीत नाही. त्याने मशीनला हातही न लावता निदान केलं. "खोला लागते भाऊ. पेस्ट वाळली. साडेतीन हजार." मी म्हटलं, यात पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे, तुम्ही काय लावणार? "सगळ्यात एकच पेस्ट रायते भाऊ." मी मशीन काखोटीला मारून परत आलो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. जुन्या कन्सोलमध्ये चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. ती काही वर्षांनी वाळते, मग पंखा विमानासारखा ओरडायला लागतो आणि पेस्ट बदलली की आराम पडतो. पीएस ५ मध्ये त्या जागी गॅलियमचा द्रवरूप मिश्रधातू आहे. उष्णता उत्तम वाहून नेतो, पण वीजही वाहून नेतो. खोलताना एक थेंब बोर्डावर पळाला तर शॉर्ट. ॲल्युमिनियमला लागला तर त्याला खाऊन टाकतो. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नये. शिवाय आमची वॉरंटी तेव्हा शिल्लक होती, ती साडेतीन हजार मोजून कोण घालवणार?

मूळ भानगड टीव्ही युनिटची होती. घराच्या फर्निचरच्या वेळी मिस्त्रीने प्लायवूडचा सुबक खण केलेला, मागून पक्का बंद, वायरीपुरतं एक छिद्र. कन्सोल समोरून हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. मागची हवा प्लायवर आपटून वरून फिरते आणि पुन्हा समोरून आत. जड गेम चालू असताना हे मशीन २०० वॅटच्या आसपास वीज खातं, म्हणजे १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब कपाटात कोंडून ठेवल्यासारखं. मॅन्युअल म्हणतं भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर सोडा. मी मशीन थेट बाहेर काढलं, आता ते जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर आडवं असतं. बायको म्हणते हॉलची शोभा गेली. गेली तर गेली.

(उभं की आडवं यावर भांडणारे येतीलच. कंपनी दोन्ही चालतं म्हणते. २०२३ च्या सुरुवातीला काही दुरुस्ती करणाऱ्यांनी उभ्या ठेवलेल्या मशीनमध्ये लिक्विड मेटल सरकल्याचं सांगितलं होतं, त्यावर बरीच गरमागरमी झाली. मी आडवं ठेवतो कारण टेबल डुगडुगतं.)

मधल्या काळात मेहुण्याने मागे चिकटवायचा यूएसबी पंखा पाठवला, निळे दिवे लागणारा. जूनमध्ये हेच लिहीत असतो तर त्याला चार तारे दिले असते, कारण मागे हात लावला की जोरात गार वारा लागायचा. आता एक तारा. आतला पंखा १२० मिलीमीटर व्यासाचा आणि ४५ मिलीमीटर जाड आहे, दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. त्याच्या वाटेत या नाजूक पंख्यांची जाळी म्हणजे मदत कमी, अडथळा जास्त. वर तो कन्सोलच्याच यूएसबीतून वीज घेतो आणि रात्रभर घुंई करतो. पावसाळ्यात काढून ठेवला, आतल्या पंख्याच्या आवाजात काडीचाही फरक नाही.

आता खरी गोष्ट. या मशीनमध्ये मला सगळ्यात काय आवडलं असेल तर बाजूच्या पांढऱ्या झाकणांखालची दोन भोकं. हसू नका. कंपनीने मुद्दाम ठेवली आहेत. आत येणारी धूळ तिथल्या कप्प्यात साठते आणि बाहेरून व्हॅक्यूमने ओढून घेता येते. एकही स्क्रू खोलायचा नाही. २०२० मध्ये कंपनीच्याच इंजिनियरने मशीन खोलून दाखवलं त्या व्हिडिओत ती दाखवली होती, आणि तरी दहातल्या नऊ मालकांना पत्ता नाही.

झाकण काढताना कोपरा वर उचलून सरकवायचा, तेव्हा 'कट्' असा आवाज होतो. प्लास्टिक मोडलं असं वाटतं, मोडत नाही. आत पंखा लगेच दिसतो. आमच्या पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाची मऊ नमद्यासारखी पट्टी बसलेली आणि तिच्यात पांढरे तंतू. ते कापसाचे. जिनिंग आमच्या घरापासून लांब नाही, हंगामात खिडकीच्या जाळीवरही तेच असतं. साधी धूळ हीटसिंकच्या फटींतून बरीचशी निघून जाते, तंतू मात्र अडकतात आणि मग बाकीची धूळ धरून ठेवतात. बोटाने पट्टी ओढली तर सलग निघाली.

कॉम्प्युटर साफ करायचा हातातला ब्लोअर घरोघरी असतो. त्याला पिशवी लावून उलटा, म्हणजे ओढायला वापरा. फुंकू नका, फुंकलं की धूळ आणखी आत जाते. ओढताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोराने तो गरगर फिरला तर बेअरिंगला बरं नाही. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारायचा सल्ला मला दोघांनी दिला. त्या हवेत पाणी असतं आणि तेलही. नको. पात्यांना सुकं रंगाचं ब्रश पुरतं. हे सगळं केल्यावर पंखा इतका शांत झाला की आईने विचारलं, बंद पडलं का?

कूलरचं मात्र सांभाळा. कूलरसमोर कन्सोल ठेवायची आयडिया सगळ्यांनाच सुचते. खोली थंड करायला कूलर हवाच, पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, कूलरच्या जाळीवर चार दिवसांत पांढरा थर बसतो. तेच तुषार बोर्डावर गेले तर काय होईल ते सांगायला नको. कूलर खिडकीत, कन्सोल समोरच्या भिंतीला, मध्ये अख्खा हॉल.

तापून-थंडावून यंत्रं कशी मरतात याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जुना कन्सोल, एक्सबॉक्स ३६०. मशीन मेलं की बटणाभोवती लाल दिव्यांचं कडं लागायचं, त्या बिघाडापायी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. दर वेळी तापताना-निवताना जोड थोडे प्रसरण पावायचे, आकुंचन पावायचे, शेवटी तडकायचे. लोक तेव्हा कन्सोल टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे आणि तो तात्पुरता सुरूही व्हायचा! तसले व्हिडिओ अजून फिरतात, मुलांना दाखवू नका.

विजेबद्दल थोडक्यात. स्टॅबिलायझरवर पैसे घालवले नाहीत, याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. चांगला स्पाइक गार्ड घेतला. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला, नाहीतर लाइट गेली-आली की मशीन रीस्टार्ट होतं. वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर एचडीएमआयही काढतो, कारण डिशच्या वायरीतून आलेला झटका टीव्हीमार्गे इथपर्यंत पोचतो.

आता घरातला नियम असा: भिंतीवर तापमापी, ३८ च्या वर असेल तर गेम नाही. ३५ चा नियम लावला तर घरात दंगल होईल. या हिशेबाने पुढचा अख्खा उन्हाळा काढला, तो संदेश परत दिसला नाही. खर्च स्पाइक गार्डचा तेवढा.

निळ्या दिव्यांचा पंखा तसाच पडून आहे. अकोल्यात कुणाला हवा असेल तर फुकट देतो, कुरिअरचा खर्च मात्र करणार नाही.