अब्राहाम की योना?

वसईच्या पाचूबंदरात नववी-दहावीच्या पोरांना आज्ञापालन शिकवायचं, तर धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलमधली कुठली गोष्ट आधी घ्यावी?

अब्राहामाची (उत्पत्ती, अध्याय 22) श्रद्धेची म्हणून सांगतात: देवाने सांगितलं म्हणून तो आपल्या मुलाचा, इसहाकचा, होम करायला निघतो. पण होमाची लाकडं वाहणारा इसहाक विचारतो, “कोकरू कुठे आहे?” आणि पोरं तिथेच अडतात. बापाने मुलाला विचारलं का? खरं उत्तर द्यायचं, तर तास पुरत नाही.

संदेष्टा योना मुळात देवाचं ऐकतच नाही. निनवे शहराला जा म्हटलं, तर याफो बंदरातून तार्शीशचं तारू धरतो. वादळात खलाशी माल समुद्रात टाकतात, वादळ कुणामुळे आलं ते कळावं म्हणून चिठ्ठ्या टाकतात, योनाला फेकण्याआधी जिवाच्या आकांताने वल्ही मारतात. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या घरातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. योनाला गिळणाऱ्या माशाच्या पोटातले 3 दिवस त्यांना थोडे हसरे वाटतात, वाटू देत. पुढे निनवे नाशातून वाचतं, तरी हा रुसतोच! शेवटी देव विचारतो, 1,20,000 हून अधिक माणसांची मी कीव करू नये का? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं.

मी योना आधी घेईन. अब्राहाम पुढच्या वर्षी, हातात दोन तास ठेवून.