एससीआय की कोको ग्लुकोसाइड: घोडं नेमकं कुठे पेंड खातं

बाजारच्या शाम्पूतलं सल्फेट नको म्हणून घरीच शाम्पू करायचं डोक्यात घेतलं की गाडी एससीआय आणि कोको ग्लुकोसाइड, या फेस करून मळ काढणाऱ्या दोघांपाशी येऊन थांबतेच. दोन्ही नारळाच्या तेलातून आलेले, दोन्ही सौम्य म्हणूनच विकले जातात. मी दोन्ही जवळपास वर्ष-वर्षभर वापरलेत, त्यामुळे लॅबमधलं काही नाही, आमच्या बाथरूममधलं सांगतो.

कोको ग्लुकोसाइडचं एक बरंय, ते काकवीसारखं दाट येतं आणि पाण्यात ढवळलं की मिसळतं, गॅस पेटवायला नको. पण मूळ माल चांगलाच अल्कलाइन असतो, पीएच 12 च्या आसपास, मग सायट्रिक अॅसिडचं पाणी थेंब थेंब घालत 5.5 पर्यंत खाली आणायचं, पट्टी बुडव, रंग बघ, परत दोन थेंब, हे रात्री अकरा वाजता. बरं, मीठ घालून घट्ट होईल म्हणाल तर तेही नाही, झँथन गम लागतो, आणि तो जरा जास्त पडला की शाम्पू चक्क शेंबडासारखा ओघळतो.

एससीआय, म्हणजे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, याचे नखरे वेगळे. पावडर घेतली तर मास्क लावाच. मी पहिल्यांदा वजन करत होतो आणि कुणीतरी फॅन लावला, पुढची दहा मिनिटं मिरचीची फोडणी जळल्यासारखं सगळं घर शिंकत होतं! तेव्हापासून मी शेवयांसारखे तुकडे येतात तेच घेतो. हे नुसतं वितळत नाही, बीटेनमध्ये (म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन, नारळाच्याच तेलातून येणारं आणखी एक पातळ फेसद्रव्य) घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून दाबत बसायचं, अर्ध्या-पाऊण तासाने मोदकाच्या उकडीसारखा गोळा होतो, मग साच्यात. एकदा जमलं की मात्र पीएचची कटकट जवळपास नाहीच. डव्हची वडी 1957 मध्ये अमेरिकेत आली ती याच्याच जोरावर, म्हणजे साबणासारखी दिसते पण नेहमीच्या अर्थाने साबण नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यात दोघांचाही फेस होतो, साबणासारखा पांढरा साका राहत नाही, इथे बरोबरी. एससीआयचा फेस सायीसारखा दाट, ग्लुकोसाइडचा मोठ्या बुडबुड्यांचा, पण फेसावर मी काही निवड केली नाही.

माझा निकाल लागला तो मुलीच्या वेण्यांवर. शाळेची रिक्षा सव्वासातला, वेण्या घालायचं काम माझ्याकडे. ग्लुकोसाइडने धुतलेले केस स्वच्छ व्हायचे, अगदी कुरकुरीत स्वच्छ, आणि वाळले की काथ्या. मानेजवळ कंगवा अडकायचा, ती ओरडायची, मी खोबरेल तेलाचं बोट लावून गाठ सोडवायचो, म्हणजे धुतलेल्या केसांना परत तेल! कंडिशनर लावून फरक पडला, पण रोज सकाळी तो सोपस्कार कोण करणार. एससीआयच्या वडीवर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच कंगवा सरळ खाली यायला लागला. प्रत्येकाच्या केसांना असंच होईल असं नाही म्हणत, माझे स्वतःचे केस बारीक आहेत, मला दोन्हीत फारसं काही जाणवलंच नाही.

फेसवॉश किंवा पंपाच्या बाटलीतलं काही करायचं असेल तर मात्र ग्लुकोसाइडच बघा. एससीआयचा लिक्विड शाम्पू मी केला होता, डिसेंबरात बाटलीत साबुदाण्याची खीर झाली, गरम पाण्यात ठेवली की पातळ, सकाळी परत खीर. शिवाय आंबटपणा जास्त झाला की एससीआय हळूहळू तुटतं, त्यामुळे लिंबू-बिंबू पिळायच्या भानगडीत पडू नका.

आणि नारळाचं आहे म्हणून डोळे झाकून वापरू नका. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2004 मध्ये बीटेनला आणि 2017 मध्ये ग्लुकोसाइडच्या अख्ख्या घराण्यालाच 'अॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. बहुतेकांना काही होत नाही, तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा. माझ्या वडीतही बीटेन आहेच, म्हणजे मीही काही फार सोवळा नाही.

वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवा, पाण्यात राहिली तर लगदा होतो. उरलेलं अर्धा लिटर ग्लुकोसाइड आमच्याकडे संपत आलंय, बायको त्याने तिचे मेकअपचे ब्रश धुते आणि त्यावर ती बेहद्द खूश आहे.