ईझीप्रॉक्सी: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

कॅम्पसबाहेरच्या वाचकांना ग्रंथालयाची ई-जर्नल्स उघडून द्यायची तर ईझीप्रॉक्सी, म्हणजे वाचकाला ग्रंथालयाच्या सर्व्हरमार्फत प्रकाशकाच्या साइटवर नेणारी प्रणाली, घ्यावी का? घ्यावी. वाचकाच्या मशीनवर काही टाकावं लागत नाही, प्रकाशकाला फक्त आपल्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो आणि एका लॉगिनवर सगळे डेटाबेस उघडतात. मात्र एकदा बसवली की झालं, असं हे काम नाही. सगळी सेटिंग्ज असलेल्या कॉन्फिग फाइलकडे नियमित बघणारा एक माणूस नेमलेला हवाच.

सुरुवातीलाच होस्टनेम पद्धत निवडा; तिच्यात प्रत्येक साइटला आपल्या प्रॉक्सीच्या नावाखाली वेगळं नाव मिळतं. पोर्ट पद्धतीत साइटगणिक वेगळा पोर्ट (सर्व्हरवरच्या जोडणीचा क्रमांक) लागतो आणि वाचक बसलेला असतो तिथला फायरवॉल तो अडवतो. होस्टनेमसाठी वाइल्डकार्ड डीएनएस नोंद आणि वाइल्डकार्ड एसएसएल सर्टिफिकेट (म्हणजे प्रॉक्सीच्या नावाखालच्या सगळ्या नावांना एकत्र चालणारं) दोन्ही लागतात. असं सर्टिफिकेट नावाच्या एकाच पातळीपुरतं चालतं, म्हणून एचटीटीपीएस साइटच्या नावातल्या टिंबांच्या जागी ईझीप्रॉक्सी जोडरेषा घालते. पत्ता विचित्र दिसतो, पण बरोबर असतो. व्हर्च्युअल होस्टची (प्रॉक्सीमार्फत उघडणाऱ्या वेगवेगळ्या साइट-नावांची) मर्यादा मुळात 200 असते. संग्रह थोडा मोठा असला की ती अपुरी पडते, तेव्हा आधीच वाढवून ठेवा. कॉन्फिगमधला कुठलाही बदल रीस्टार्टनंतरच लागू होतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती 'पेपर उघडत नाही' ही तक्रार. अशा वेळी आधी ॲड्रेस बार बघायचा. तिथे आपल्या प्रॉक्सीचं नाव नसेल, तर एकतर लिंक प्रॉक्सीच्या प्रीफिक्सशिवाय (पत्त्याच्या आधी जोडायच्या भागाशिवाय) दिलेली असते, नाहीतर वाचक मध्येच प्रॉक्सीबाहेर पडलेला असतो. प्रकाशक पीडीएफ वेगळ्या डोमेनवर हलवतो, ते डोमेन आपल्या स्टॅन्झामध्ये (कॉन्फिगमधल्या त्या डेटाबेसच्या ओळींमध्ये) नसतं, म्हणून ईझीप्रॉक्सी ती लिंक आहे तशीच सोडते. एररही येत नाही, थेट पैसे मागणारं पान समोर येतं. उपाय एका ओळीचा: ते होस्ट किंवा डोमेन स्टॅन्झात घाला. पत्त्यात प्रॉक्सीचं नाव असूनही पान अडलं, तर प्रकाशकाकडे आपला आयपी नोंदलेला आहे का ते तपासा, मग वर्गणीत तो अंक बसतो का ते बघा.

इथे केबार्ट फाइल (कोणत्या जर्नलचे कोणते अंक मिळतात याची प्रमाणित यादी) कामी येते. एम्बार्गोच्या (काळाच्या अटीच्या) रकान्यात 'पी1वाय' असेल तर अलीकडचं एक वर्ष सोडून बाकी सगळं मिळतं; 'आर1वाय' असेल तर फक्त अलीकडचं एक वर्ष. पी आणि आर ही दोन अक्षरं उलटसुलट वाचली की कॅटलॉग वाचकाला खोटं सांगतो, आणि दोष विनाकारण प्रॉक्सीच्या माथी येतो.

चोरलेल्या पासवर्डवरून भरमसाट डाउनलोड झालं, तर प्रकाशक आपला आयपीच बंद करतो आणि सगळ्यांचा प्रवेश थांबतो. त्यामुळे यूसेज लिमिट (एका वाचकाच्या वापरावरची मर्यादा) हवंच. आधी ते एन्फोर्सशिवाय (म्हणजे कुणाला न अडवता, फक्त नोंद घेत) चालवा, नेहमीच्या वाचकांचा वापर किती ते बघा, मग मर्यादा लागू करा.

वर्गणीच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रॉक्सीच्या लॉगवर विसंबू नका, प्रकाशक देतात ते वापराचे प्रमाणित काउंटर रिपोर्ट घ्या. 'टीआर_जे1' या जर्नलच्या वापराच्या रिपोर्टमध्ये युनिक आयटम रिक्वेस्ट्स (एका भेटीत एक लेख एकदाच मोजणारा आकडा) पाहाव्यात. एचटीएमएल आणि पीडीएफ दोन्ही उघडले की टोटलचा आकडा फुगतो. 'टीआर_जे2' (नाकारलेल्या प्रवेशांचा रिपोर्ट) मात्र बरीच ग्रंथालयं उघडतच नाहीत, हे खटकतं. वर्गणीत नसलेलं कोणतं जर्नल वाचक पुन्हा पुन्हा मागतात, ते त्यातच दिसतं.