पाच तासांची बस : मुंबई मॅरेथॉनमधल्या पेसरबद्दल

पहिली फुल मॅरेथॉन धावायची ठरली की बहुतेक जण आधी घड्याळ बघायला लागतात. माझं मत असं की आधी बस ठरवा, घड्याळाचं नंतर बघू. बस म्हणजे पेसरच्या मागे धावणारा घोळका. पेसरकडे काठीवर वेळेचा झेंडा असतो, ४:३०, ४:४५, ५:०० असा, आणि बरोबर तेवढ्या वेळात ४२.१९५ किलोमीटर पुरे करणं हे त्याचं काम. आपण फक्त झेंडा सोडायचा नाही. २०२४ च्या टाटा मुंबई मॅरेथॉनला मी पाच तासांच्या बसमध्ये होते.

बस निवडताना हाफ मॅरेथॉनचा (अर्ध्या अंतराच्या शर्यतीचा) वेळ दुप्पट करून तीच बस पकडायची नाही. माझी हाफ २:१८ ची, म्हणजे दुप्पट ४:३६. पहिल्या फुलला त्यात वीस ते तीस मिनिटं मिळवावीत, मुंबईच्या दमटपणात तर नक्कीच. ४:४५ चा मोह होतोच. पण जास्त वेगाच्या बसमध्ये अर्ध्या वाटेत सुटण्यापेक्षा आपल्या बसमध्ये शेवटपर्यंत राहणं पहिल्या वेळी फार मोलाचं असतं.

पाच तासांत फुल म्हणजे किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ७ सेकंद. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी (आम्ही सगळे आमच्या पेसरना हेच म्हणायचो) आदल्या आठवड्यात बसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्ण आखणी टाकली होती. सपाटीला ७:००, पाण्याच्या टेबलापाशी चालायचं, पेडर रोडच्या चढाला ७:३०. अर्धं अंतर २:२८ ला, ३० किलोमीटर ३:३२ ला. शेवटच्या १२ किलोमीटरला उरतात १ तास २८ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ७:१३. आधी थोडी मिनिटं शिलकीत आणि शेवटी थोडी सवलत. लोक पहिल्या दहा किलोमीटरमध्येच दहा मिनिटं वाचवायला जातात, ती शिलक वेगळी. ती तिसाव्या किलोमीटरनंतर व्याजासकट वसूल होते.

याचं कारण शरीरातच आहे. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली साखर साधारण तिसाच्या आसपास संपत येते, आणि वेग जास्त ठेवला तर ती आणखी लवकर संपते. पहाटे सीएसएमटीहून सुटताना हवा गार असते, पाय ताजे असतात, मरीन ड्राइव्ह सपाट आहे आणि चहूबाजूंनी लोक पुढे निघत असतात. अशा वेळी साडेसहाचा पेससुद्धा चालल्यासारखा वाटतो. बसचा खरा उपयोग इथे होतो. ड्रायव्हर किलोमीटरच्या दर पाटीला ओरडून वेळ सांगत होते आणि कुणी झेंड्याच्या पुढे गेलं की हाक यायची, "ताई, मागे या. अजून मॅरेथॉन सुरू झालेली नाही." माझ्या शेजारचा एक मुलगा दोनदा पुढे गेला, दोन्ही वेळा त्यांनी त्याला परत आणलं. तो आमच्याबरोबर शेवटपर्यंत होता.

आता पाण्याचं टेबल, कारण मला वाटतं इथेच पेसरची पारख होते. टेबल यायच्या शंभरेक मीटर आधी आवाज यायचा, "पाणी डावीकडे, पहिलं टेबल सोडा." पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात, शेवटच्यावर हात रिकामे असतात. बाटली घ्यायची, कडेला सरकायचं, वीस पावलं चालत चार घोट प्यायचे, उरलेलं मानेवर. ड्रायव्हरचा तळहात वर गेला की पुन्हा धाव. धावत पाणी प्यायलं की निम्मं सांडतं आणि ठसका लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कुणीतरी "चाला" म्हटल्याशिवाय पहिल्या शर्यतीत कुणी चालत नाही.

सी लिंकवर घड्याळाचा हिशोब उघडा पडला. माझं अंतर मोजणारं जीपीएस घड्याळ तोपर्यंत पाटीच्या आधीच किलोमीटर वाजवायला लागलं होतं. अर्ध्या अंतरापर्यंत फरक साधारण २५० मीटरचा झाला. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. मार्ग मोजतात तो सर्वांत जवळच्या रेषेने, आपण धावतो गर्दीतून, वळणाच्या बाहेरून, टेबलाकडे तिरके. पण पाच तासांच्या पेसला २५० मीटर म्हणजे पावणेदोन मिनिटं होतात. घड्याळावर विसंबलेला माणूस तेवढा वेळ हातात आहे असं समजून चालतो आणि शेवटी पाच तास एक मिनिट लागतं. ड्रायव्हरसाहेब फक्त पाटी आणि साधं स्टॉपवॉच बघत होते. मनगटावर दर पाच किलोमीटरच्या वेळांची कागदी पट्टी, वरून चिकटपट्टी. एवढंच साधन.

वांद्र्याहून माहीमकडे वळलं की ऊन अंगावर येतं. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी इथले लोक मात्र काय वर्णावेत! संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की, केळी, ढोल, आणि नऊवारीतल्या आजी टाळ्या वाजवतायत. बसमधून इथे बरेच जण गळाले. ड्रायव्हरनी कुणाला ओढलं नाही. "तुमच्या दमाने या, झेंडा दिसत राहील," एवढंच म्हणाले.

परतीचा पेडर रोड ३५ किलोमीटरनंतर येतो आणि तिथेच पहिल्या मॅरेथॉनचा निकाल लागतो. सकाळी अंधारात जो चढ जाणवलाही नव्हता तो आता भिंतीसारखा उभा. तिथे सूचना आली, "दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं." दिव्याचे खांब. पेस नाही, किलोमीटर नाही, फक्त पुढचा खांब. केम्प्स कॉर्नरचा उतार लागला तेव्हा आमच्या हातात अजून दीड मिनिट होतं. मी ४:५८ ला पोचले.

आता उणिवा. बस कुणासाठी थांबत नाही. शौचालयाला गेलात तर दीड-दोन मिनिटं गेली, आणि ती एका दमात भरून काढू नयेत. किलोमीटरला पंधरा सेकंद या हिशोबाने सहा-आठ किलोमीटरमध्ये झेंडा गाठावा. दुसरं, बसभोवती गर्दी असते, पायात पाय येतात, त्यामुळे झेंड्याच्या अगदी मागे न राहता दहा पावलं मागे आणि कडेला राहावं. ज्यांना एकट्याने, शांतपणे धावायला आवडतं त्यांना दर किलोमीटरची ओरड सोसणार नाही.

आणि सगळेच पेसर सारखे नसतात. दुसऱ्या एका शहरातल्या हाफमध्ये मी ज्या पेसरमागे होते त्यांनी पहिले आठ किलोमीटर ठरल्यापेक्षा खूप जोरात काढले आणि पुढे स्वतःच चालायला लागले. मागच्या पंधरा-वीस जणांची शर्यत तिथेच संपली. म्हणून आधी विचारा. तुमची स्वतःची फुल किती वेळात होते? पेसरला ठरलेला वेळ गप्पा मारत जमायला हवा, म्हणजे त्याची स्वतःची वेळ निदान अर्धा-पाऊण तास कमी हवी. चढाला काय करणार, पाण्यापाशी चालणार का? आणि वेळ बंदुकीपासून धरणार की सुरुवातीच्या रेषेवरच्या चटईपासून? मोठ्या शर्यतीत बंदूक वाजल्यावर चटईपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात, तर बिबवरची (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरची) चिप तुमचा वेळ चटईपासून मोजते. पेसर पुढच्या गटातून सुटला आणि तुम्ही मागच्या, तर झेंडा गाठायच्या नादात पहिल्याच पाच किलोमीटरमध्ये दम जाईल. आमच्या ड्रायव्हरनी चटई आमच्याबरोबर ओलांडली.

पेसर घेणं कमीपणाचं आहे असं अजूनही काही जुने धावपटू म्हणतात. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये धावला तेव्हा त्याच्यासाठी आळीपाळीने ४१ पेसर धावले होते. आपल्याला एक मिळतो, तोही फुकट, आणि तो स्वतःची शर्यत बाजूला ठेवून आपल्यासाठी पाच तास उन्हात काठी धरतो. शर्यत झाल्यावर त्यांना शोधून नमस्कार करा. आमचे साहेब शेवटच्या रेषेनंतरही झेंडा उंच धरून मागून येणाऱ्या आपल्या माणसांची वाट बघत उभे होते.

पुढच्या वेळी मार्ग बदलला असेल तर चढ कुठे येतात ते आधी नकाशात बघा, ग्रुपवर आखणी मागा, आणि सुरुवातीच्या गर्दीत झेंडा लवकर शोधा. बंदूक वाजल्यावर तो सापडत नाही.