पेगलेक पावडर: कोलोनोस्कोपीआधीची सफाई आणि पहाटेचा दुसरा लिटर

पेगलेकच्या मोठ्या पाकिटात 137.15 ग्रॅम पावडर असते. ती 2 लिटर पाण्यात विरघळवून प्यायची, म्हणजे कोलोनोस्कोपीआधी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) मोठं आतडं धुऊन निघतं. हे काम ती चोख करते. पण पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची मांसल वाढ) दिसणार की घाणीखाली झाकलेला राहणार, हे पावडरीइतकंच ती कोणत्या वेळी पोटात गेली यावर अवलंबून असतं, आणि रुग्णाच्या हातातल्या सूचनांच्या कागदावर नेमकी तीच गोष्ट अनेकदा धड लिहिलेली नसते.

आधी पाकिटात काय आहे ते पाहू. 118 ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉल 3350, सुमारे 11 ग्रॅम सोडियम सल्फेट, उरलेलं खाण्याचा सोडा, मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड. जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने 1980 मध्ये अमेरिकेत मांडलेलं हे मिश्रण. मूळ मात्रा 4 लिटरची होती, या पाकिटात त्याच तीव्रतेची निम्मी मात्रा आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्यातून रक्तात शोषलं जात नाही, आणि क्षारांचं प्रमाण असं राखलंय की शरीरातून पाणी ओढलं जात नाही आणि शरीरात फारसं शिरतही नाही. प्यायलेलं पाणी मळ घेऊन तसंच बाहेर पडतं. म्हणूनच इतके जुलाब होऊनही सहसा माणूस गळून जात नाही.

यावरून दोन नियम निघतात. पाणी 2 लिटर म्हणजे 2 लिटरच. दीड लिटरमध्ये उरकायला गेलात तर द्रावण दाट होऊन मळमळ वाढते. आणि त्यात साखर, सरबत किंवा ग्लुकोज पावडर मिसळायची नाही. ग्लुकोज असलं की आतडं सोडियम आणि त्यासोबत पाणी शोषून घेऊ लागतं, म्हणजे ज्यासाठी हे मिश्रण बेतलंय त्यावरच पाणी पडतं.

आता वेळ. सगळे 2 लिटर आदल्या संध्याकाळी पिऊन झोपायचं, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. ती बंद व्हायला हवी. लहान आतडं रात्रभर पाचक रस आणि चिकट स्राव मोठ्या आतड्यात सोडत राहतं आणि तो थर उजव्या भागात, सीकमजवळ (मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे) साचतो. याच भागात सेसाइल सेरेटेड प्रकारचे पॉलिप जास्त असतात: चपटे, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे, वर चिकट आवरण असलेले. एक लिटर आदल्या संध्याकाळी आणि दुसरा पहाटे गेला तर हा थर धुतला जातो. इटलीत रादाएल्ली आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, शौचाच्या तपासणीत रक्त सापडलेल्या लोकांचे दोन गट केले होते. मात्रा दोन भागांत घेतलेल्यांपैकी 53 टक्के लोकांत अडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप) सापडला, सगळी आदल्या दिवशी घेतलेल्यांपैकी 40.9 टक्क्यांत. फरक फक्त वेळेचा! पॉलिप हेरायची यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांची चर्चा खूप होते, पण पहाटेच्या एका लिटरला काही खर्च नाही.

कोलोनोस्कोपी सकाळी 10 ला असेल तर पहिला लिटर आदल्या संध्याकाळी 6 ते 7.30 च्या दरम्यान, दुसरा पहाटे 5 ते 6.30. दुसरा भाग तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू करावा आणि किमान 2 तास आधी संपवावा. तुमचे भूलतज्ज्ञ याहून जास्त वेळ उपाशी राहायला सांगत असतील तर त्यांचं ऐका आणि पहाटेचा गजर तेवढा आधी लावा. तपासणी दुपारी असेल तर सगळी मात्रा त्याच सकाळी घेतली तरी सफाई तितकीच चांगली होते. कागदावर ‘रात्री 12 नंतर पाणीही नको’ असं छापलेलं असेल तर दवाखान्यात फोन करून दुसऱ्या लिटरची वेळ विचारा. हा छापील मजकूर बहुधा दुसऱ्याच कुठल्या शस्त्रक्रियेचा उचललेला असतो.

चवीला गुण कमीच. खारट, किंचित बुळबुळीत. सोडियम सल्फेटची ही करामत आहे आणि कितीही वास घातला तरी ती पूर्ण लपत नाही. द्रावण 2 ते 3 तास आधी करून फ्रिजमध्ये ठेवा. गार झालं की बरंच सुसह्य होतं. दर 10 ते 15 मिनिटांनी 250 मिली, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला. मध्ये लिंबाची फोड चोखायला हरकत नाही. घोट घोट करत तासन् तास लावू नका, वेग कमी झाला की धुण्याचा जोर जातो. उमासे आले तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा. पहिला जुलाब साधारण तासाभरात होतो. शेवटी फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी पडायला हवं. तपकिरी, गढूळ पाणी पडत असेल तर निघण्यापूर्वी दवाखान्याला कळवा.

एक पाकीट सगळ्यांना पुरतं असं मात्र नाही. जुनाट बद्धकोष्ठ, अनेक वर्षांचा मधुमेह, अफूवर्गीय वेदनाशामकं, मागच्या वेळी अपुरी सफाई, यातलं काही असेल तर 2 लिटर कमी पडतात. अशांना डॉक्टर आदल्या दिवशी बिसाकोडिलच्या (जुलाबाच्या) गोळ्या किंवा दुसरं पाकीट देतात, पण हे आधी सांगितलं तरच.

खाण्याचं पथ्य आदल्या दिवशी कडक ठेवा, बद्धकोष्ठ असेल तर 2 ते 3 दिवस. मऊ भात, साल नसलेल्या मुगाच्या डाळीचं वरण, रव्याची पेज, उकडलेला सोललेला बटाटा चालेल. पेरू, डाळिंब, अंजीर, टोमॅटो, वांगं, काकडी, तीळ, खसखस, पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्यं बंद. बिया दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात आणि डॉक्टरांना निम्मा वेळ ती मोकळी करण्यात घालवावा लागतो. पावडर सुरू झाल्यावर फक्त पारदर्शक पेयं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत (वेगळ्या पेल्यात), बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि बीट नको, तो रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आणि इसबगोल साधारण आठवडाभर आधी थांबवतात.

बाकी औषधांबद्दल स्वतः निर्णय घेऊ नका. पावडर सुरू करण्याआधीच्या तासाभरात घेतलेली गोळी न शोषता वाहून जाऊ शकते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना ती गोळी किमान 3 दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर उपाशीपणात रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं लेखी विचारून घ्या. आतड्यात अडथळा असल्याची शंका असेल तर ही पावडर अजिबात घ्यायची नाही.

पर्यायांत सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली पोटाला हलकी वाटते, म्हणून अनेकजण ती मागतात. मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये त्या औषधवर्गाच्या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वयस्कर, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे यांनी त्या वाटेला जाऊ नये. मॅनिटॉल हे साखरेसारखं जुलाबाचं औषध तर नकोच: जिवाणू त्यापासून ज्वलनशील वायू बनवतात, आणि 1979 मध्ये पॉलिप जाळून काढताना आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद आहे. या दोन्हींच्या तुलनेत पेगलेकची खारट चव सोसलेली बरी.

तपासणीनंतरच्या अहवालात बॉस्टन स्कोअर, म्हणजे सफाईला दिलेले गुण, आहे का ते पाहा. उजवा, मधला आणि डावा, प्रत्येक भागाला 0 ते 3 गुण. एकूण 6 आणि प्रत्येक भागाला किमान 2 हवेत. कनेक्टिकटमधल्या माजी सैनिकांवरच्या एका अभ्यासात 2 गुणांच्या भागांपैकी 5.2 टक्क्यांत 5 मिमीपेक्षा मोठा अडिनोमा हुकला, 3 गुणांच्या भागांपैकी 5.6 टक्क्यांत, पण 1 गुणाच्या भागांपैकी 15.9 टक्क्यांत. म्हणजे 2 वरून 3 साठी जीव काढायची गरज नाही, 1 मात्र चालणार नाही. उजव्या भागाला 1 मिळाला असेल आणि खाली ‘नॉर्मल, 10 वर्षांनी या’ लिहिलेलं असेल, तर तो सल्ला तसाच घेऊ नका; वर्षभरात पुन्हा तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा, आणि त्या वेळी मात्रा वाढवून घ्या.