उरलेल्या गोळ्या मोजणारे औषधाचे दुकान

दारव्ह्याच्या ज्या औषधाच्या दुकानाबद्दल मी हे लिहीत आहे, तेथे बिलावर सवलत मिळत नाही. तरीही गेले वर्षभर आम्ही गावाहून एस.टी.ने तेथेच जातो, कारण माझ्या सासूबाईंच्या गोळ्या नियमित सुरू राहिल्या त्या या दुकानामुळे.

सासूबाईंचे वय ५८ असून दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांचा दिवस कापूस वेचण्यात उभ्याने जातो. पोटऱ्यांवरच्या नसा फुगून दोरीसारख्या वर आल्या होत्या, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली होती आणि संध्याकाळी पाय जड होऊन ठणकत असत. यवतमाळच्या डॉक्टरांनी डॉप्लर तपासणी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून शिरांमधल्या झडपा नीट मिटत नसल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेचा पर्यायही त्यांनी समजावला, परंतु हंगाम संपेपर्यंत सासूबाई तयार नव्हत्या. म्हणून डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि दिवसभर घालायचे दाबाचे, म्हणजे पाय घट्ट आवळून धरणारे मोजे असे उपचार सुरू झाले.

या गोळीने फुगलेली नस नाहीशी होत नाही. जडपणा, ठणका आणि सूज कमी होते, आणि तेही नियमाने काही आठवडे घेतल्यावर. आमच्या भागात मात्र गोळी म्हणजे दुखल्यावर घ्यायची वस्तू, हीच समजूत पक्की आहे. पहिला महिना संपल्यावर आम्ही दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारांनी नवी औषधे काढण्याआधी विचारले, "मावशी, मागच्या गोया आणल्या काय सोबत?" सासूबाईंनी पिशवीतून बिस्किटाचा डबा काढून काउंटरवर उपडा केला आणि दुकानदारांनी एकेक पत्ता सरळ करून मोजणी केली. ६० पैकी २६ गोळ्या उरल्या होत्या. एकाच घरात राहून, शाळेत मुलांची हजेरी रोज घेणारी मी, मला याचा पत्ता नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

"दुखलं का घेतो मी, नाई दुखलं त राहू देतो. एवढ्या महागाच्या गोया कायले संपवा?" असे त्या म्हणाल्या. दुकानदार रागावले नाहीत. ही गोळी दुखणे मारणारी नाही, ती रोज पोटात गेली तरच पायाला आराम पडतो, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले आणि मग सकाळी किती वाजता घर सोडता, जेवण कधी करता, असे विचारत राहिले. सकाळी चहावर निघून शेतात दहाला भाकर खायची आणि गोळी घरीच राहायची, असा घोळ त्यातून उलगडला. दुकानदारांनी आपल्या मनाने काहीही बदलले नाही. त्यांनी चिठ्ठीवर हे सारे लिहून आम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवले, आणि डॉक्टरांनी दोन वेळच्या गोळ्यांऐवजी १००० मिलिग्रॅमची एकच गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून दुकानदारांनी प्रत्येक पत्त्यावर पेनाने चंद्रकोर काढून दिली. पुढच्या महिन्यात ३० पैकी ३ गोळ्या उरल्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात नोंद आहे की विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी ५० टक्केच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. तेव्हा गोळ्या सोडणाऱ्या बाईला अडाणी ठरवून मोकळे होणे चुकीचे आहे. ती का सोडते, हे कोणीतरी बसून विचारले पाहिजे, आणि ते काम या काउंटरवर होते.

मोज्यांचा अनुभव वेगळा लिहावा लागेल. आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून आम्ही जोडी घेतली होती. तेथे सायंकाळी, पाय सुजलेले असताना माप घेतले गेले, त्यामुळे सकाळी तो मोजा सैल पडून घोट्याशी गोळा होत असे, आणि एवढे पैसे वाया गेल्याचे दुःख सासूबाईंना आजही आहे. दारव्ह्याच्या दुकानदारांनी आम्हाला सकाळच्या पहिल्या गाडीने बोलावले आणि घोटा व पोटरी टेपने मोजून दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाचा मोजा मागवून दिला. तो आल्यावर त्यांच्या पत्नीने सासूबाईंना आत बसवून तो स्वतःच्या हाताने चढवायला लावला. बोंडांच्या टोकांनी चिरलेली बोटे कापडात अडकत होती, तेव्हा पातळ रबरी हातमोजे घालून, टाच आधी बसवून मग वर सरकवायचे, हे त्यांनी तीनदा करून घेतले. अंथरुणातून उठल्याबरोबर घालणे, रोज साध्या साबणाने धुणे, न पिळता सावलीत वाळवणे आणि सहा महिन्यांनी ताण गेला की बदलणे, हेही त्यांनीच शिकवले.

एप्रिलमध्ये पारा ४५ कडे सरकू लागला तसे सासूबाईंनी मोजे खुंटीला टांगले. आमच्याकडच्या उन्हात ते घालून बसणे किती अवघड आहे, हे येथे राहणाऱ्यालाच कळेल. दुकानदारांनी पुन्हा डॉक्टरांना विचारायला लावले, आणि सकाळच्या कामाच्या वेळी मोजे, दुपारी ते काढून उशीवर पाय उंच ठेवून पडणे, अशी तडजोड ठरली. ती पाळली जाते.

उणिवा आहेत आणि त्या सुधाराव्यात अशी माझी मनापासून विनंती आहे. मोज्यांची दोनच मापे दुकानात असतात, बाकीची मागवायला चार-पाच दिवस लागतात. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते आणि आमची गाडी नेमकी तेव्हाच पोहोचते. बाजाराच्या दिवशी गर्दीत गोळ्या मोजल्या जात नाहीत. सर्वांत मोठी अडचण म्हणजे पायाचे दुखणे बाईला भर काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या समोर सांगावे लागते. मोजे घालायला आत जागा आहे, पण बोलायला नाही. एक पडदा लावला तर अनेकजणी आधीच बोलतील.

ज्यांना एका वेळी दहाच गोळ्या परवडतात, त्यांना पत्ता कापून देताना मुदतीची तारीख त्यांच्या तुकड्यावर राहील याची काळजी हे दुकानदार घेतात, हेही मी पाहिले आहे. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरात उरलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. मोज्यांचे माप द्यायचे असेल तर सकाळी नऊच्या आत पोहोचावे.